शेवटच्या कडव्यातलं नाव

कर्जतच्या स्टँडवर एस.टी.त चढलो, तर कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "गुरुजी, तुमचा शाहीर गेला की!" मी मोठ्यांदा हसलो. नको असलेल्या कार्यक्रमाची सुपारी चुकवायला भानुदासनं याआधी दोनदा आपल्या मरणाची बातमी उठवली होती. एकदा तर ती पोचवायला मलाच धाडलं होतं, आणि मी रडलोही झकास! कंडक्टर मात्र हसला नाही...

भानुदास गाणी रचायचा आणि गायचा. मी शाळामास्तर, सुट्टीत त्याच्यामागे उभा राहून झील धरायचो. म्हणजे तो सोडेल ती ओळ उचलायची, आपलं डोकं चालवायचं नाही. लिहिणं-वाचणं त्याला येत नव्हतं. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'म्हणे भानुदास' यायचं, तीच त्याची सही.

दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात जत्रा बंद पडल्या आणि शाहीर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. तिथं त्यानं दगडावर गाणं रचलं. रोज कामावरच्या एका बाईचं नाव त्यात गुंफायचा. एका रविवारी मी गेलो, तर म्हातारी ठकूबाई त्याच्याशी भांडत होती.

"शाहीर, माझं नाव कवा?"

"उद्या, मावशे. आज जागा न्हाई."

"मुडद्या, खडीवर जागा हाय आन् गान्यात न्हाई व्हय?"

बाया खदखदून हसल्या. मीही हसलो. तिची गंमत करायला त्यानं चार दिवस 'उद्या'च केलं. पाचव्या दिवशी भर दुपारी ठकूबाई हातोडीसकट कलंडली, ती उठलीच नाही.

पुढे त्याला रेडिओवर गायचं बोलावणं आलं. सारा जन्म त्यानं याचीच वाट पाहिली होती. पुण्याला दगडाचंच गाणं घेतलं, रंगलंही. शेवटचं कडवं आलं आणि ऐकतो तर काय, 'म्हणे ठकूबाई'! झीलकरी मी, मुकाट तेच उचललं.

रेडिओच्या साहेबांनी विचारलं, "ठकूबाई म्हणजे कवयित्री का?"

"व्हय साहेब. समदं तिचंच."

काही दिवसांनी पत्र आलं. ठकूबाईंनी आणखी गाणी पाठवावीत, असं त्यात होतं. भानुदासचा उल्लेखही नव्हता. वाचून दाखवता दाखवता मी भडकलो, "अरे, खरं काय ते कळवू का?"

तो खोकत होता. खडीची धूळ छातीत बसली होती. "कळवा की... म्हनावं, बाई कामावर हायेत." मग माझा हात धरून म्हणाला, "गुरुजी, मी जित्ता हाय तवर कुनाला सांगायचं न्हाई."

रेडिओचं बोलावणं पुन्हा आलं नाही. त्यानं नवं गाणंही रचलं नाही. फक्त खोकला राहिला, शेवटपर्यंत.

त्याचं तुणतुणं आता माझ्या घरी खुंटीला आहे. भानुदास, ठकूबाई... दोन्ही नावं त्या चालीत अगदी नेमकी बसतात. आता सांगायला मोकळा झालो, म्हणून काल दार लावून तार छेडली. त्याचं नाव त्याच्या जागी ठेवायचं ठरवूनच बसलो होतो. शेवटच्या कडव्यापर्यंत आलो, 'म्हणे' म्हणालो आणि थांबलो. पुढचा शब्द त्यानं सोडायचा असतो... मी फक्त उचलायचा.