जुना डोळा, नवा डोळा

“बाहेर या. ट्यूबलाइट खोटं बोलते.”

एवढं म्हणून काका तुमची साडी आपल्या हातावर टाकायचे, बगलेत ब्लाउजपिसांचे दोन-चार तागे मारायचे आणि तुम्ही ‘बरं’ म्हणायच्या आत फुटपाथवर जाऊन उभे राहायचे. दादरला ब्लाउजपीस घ्यायला कधी आला असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं असणारच. गजरेवालीच्या टोपलीशेजारी, जाड भिंगाचा चष्मा लावून, ऊन कुठून येतंय ते मान वर करून बघणारा काटकुळा माणूस. नाव कशाला सांगू? आमच्या मॅचिंगच्या दुकानात मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

मी त्यांच्या शेजारच्या काउंटरला. फॉल, अस्तर, लेस माझ्याकडे, रंग काकांकडे. गिऱ्हाईक म्हणालं, “हिरवा दाखवा,” की काका दुखावल्यासारखे बघायचे. “हिरवा म्हणजे? शेवाळी, पोपटी, पिस्ता, की चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा? नुसता हिरवा सिग्नलला असतो.” आणि एखादी पोरगी चुकून म्हणाली, “अंकल, कॉन्ट्रास्ट दाखवा ना,” तर संपलंच. “कॉन्ट्रास्ट म्हणजे मॅचिंग न सापडल्याची सबब,” असं तिला सुनावून ते जुळणारंच पीस काढून द्यायचे. पोरगी निमूट घेऊन जायची. मला हसू आवरायचं नाही.

त्यांना मोतीबिंदू झालाय हे आम्हाला कळलं ते पांढऱ्यावरून. मोतिया मागितला की क्रीम यायला लागला. मालकांनीच दटावून परळच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं. उजवा डोळा आधी केला. सकाळी गेले आणि दुपारी डोळ्यावर झाकण लावून घरी आले. आठवड्याने गॉगल लावून दुकानात हजर!

आले, गॉगल काढला आणि पांढऱ्या कपाटासमोर उभेच राहिले. मला म्हणाले, “सुलू गो, हे सगळं कुणी नीळ घालून धुतलं?” त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाकडे बघितलं नाही. पांढरे तागे सगळे खाली काढले आणि नव्याने लावत बसले. मालकांनी डोक्याला हात लावला. “अहो, डोळा तुमचा बदलला, कापड तेच आहे!” काका हसले. पण मधेच माझ्या काउंटरशी येऊन हळूच म्हणाले, “म्हणजे इतके दिवस मी पिवळ्या काचेतून बघत होतो गो. कुणाला काय काय देऊन बसलो असेन!” तोंड हसरं होतं, पण ते बोलणं मला काही आवडलं नाही.

दुसरा डोळा महिनाभरात करायचा होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलंही होतं, की लहानपणापासून मोठा नंबर आहे, डोळ्यामागचा पडदा पातळ आहे. डोळ्यात चकाकलं, काळे ठिपके दिसले, बाजूने सावली आली तर त्याच दिवशी यायचं. काकांनी मान डोलावली आणि दुसरा डोळा करायला गेलेच नाहीत. कारण ऐका. साठी-सत्तरीची बाई आली की काका उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायचे आणि डाव्या, जुन्या डोळ्याने रंग जुळवायचे. तरुण मुलगी आली की डाव्यावर हात आणि उजवा उघडा. मी म्हटलं, “हा काय नवीन चाळा?”

“म्हाताऱ्या बाईला मोतीबिंदू असणार. तिला दिसतं तसं मला दिसायला नको? तिच्या डोळ्याला जुळलं पाहिजे गो. माझ्या डोळ्याला जुळून काय उपयोग?”

चष्म्याची एक काच जाड, एक साधी. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघितलं की त्यांना गरगरायचं. त्यामुळे तळहाताची ही सवय त्यांच्या पथ्यावरच पडली. आज्या खूश, नाती खूश, काका तर हवेत. आणि त्याच सवयीने घात केला.

गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस होते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काका अस्तर मागायला माझ्याकडे आले आणि सहज म्हणाले, “उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकते गो. आणि कुणीतरी मिरपूड उडवल्यासारखं दिसतं.”

मी कात्री खाली ठेवली. “काका, आत्ताच्या आत्ता परळला जा.”

“गौरी जेवू देत, मग जातो.”

“अहो, गौरी काय तुमच्या हातचं जेवणार आहेत? निघा!”

मी भांडले, मालक ओरडले. काका “उद्या नक्की,” म्हणाले, आणि त्यांचा उद्या कसला उजाडतोय! सीझनला सगळ्या सासवाच सासवा. दिवसभर उजव्या डोळ्यावर हात आणि काम डाव्यावर. उजव्यात सावली चढत होती, पण ती बघायला तो डोळा उघडा तर हवा.

मग एका दुपारी कॉलेजातली मुलगी आली. काकांनी तिची अबोली साडी हातावर टाकली, बाहेर गेले आणि डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मी दारातच होते. काका थोडा वेळ थांबले, मान वर केली आणि मला म्हणाले, “आभाळ आलं का गो?”

कडकडीत ऊन होतं. गजरेवाली टोपलीवर ओला फडका टाकत होती. मी त्यांच्या हातावरची साडी ओढली, त्या मुलीच्या हातात कोंबली आणि टॅक्सीला हात केला.

पडदा सुटला होता. नुसता कडेचा नाही, तर ज्याने बारीक दिसतं, रंग कळतात, तो मधला भागसुद्धा. “कडेला सुटला तेव्हाच आला असतात तर…” एवढंच बोलून डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा कागद पुढे केला. ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढला, पडदा जागेवर बसवला, आत गॅस भरला. त्या गॅसने पडदा दाबून धरायला हवा म्हणून कितीतरी दिवस पालथं झोपायचं आणि बसलं तरी मान खाली.

करी रोडला चाळीतल्या त्यांच्या खोलीत मी जायचे तेव्हा काका टेबलाच्या कडेला कपाळ टेकून लादीशी बोलत असायचे. माणसं पायांवरून ओळखायला लागले होते. “सुलू आली वाटतं. टाचांना भेगा पडल्यात गो, कोकमाचं तेल लाव.” सून सांगायची, “मावशी, माझ्या नेलपॉलिशला नावं ठेवतात. म्हणतात, हा राणी नाही, गुलबक्षी आहे.” आम्ही हसायचो. काकाही हसायचे. पण मान खाली घालून हसणारा माणूस हसतोय की रडतोय, ते नीट कळत नाही हो.

गॅस विरला. पडदा छान बसलाय, ऑपरेशन यशस्वी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला असा संताप आला! समोर धरलेली बोटं मोजता येत होती, तीही वाकडी. रंग म्हणाल तर सगळं राखाडी. याला यश म्हणायचं? पण खरं सांगायचं तर त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. फाटलेलं त्यांनी नीट शिवलं होतं. विटलेलं कोण रंगवून देणार?

त्यांनी पुढचंही सांगितलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत चाललाय. आधी त्या पडद्याच्या कडांना लेझर देऊ आणि मग तोही काढू. काका म्हणाले, “नको. आता एकच आहे.” मुलगा समजावून थकला, मी भांडून थकले. “एकदा उजेड दिला आणि काढून घेतला. परत तो खेळ नको,” एवढंच म्हणायचे.

दुकानात परत आले ते त्या एका जुन्या डोळ्यावर. त्यातली पिवळी काच तर आता पार कोऱ्या चहासारखी झाली होती. जांभळ्याला तपकिरी द्यायचे, निळ्याला काळा. रुबाब मात्र तोच. “बाहेर या. ट्यूबलाइट खोटं बोलते.” बाहेर न्यायचे आणि भर उन्हात चुकायचे. मी काय करायचे? पिशवीत भरताना मागच्या मागे पीस बदलायचे आणि गिऱ्हाइकाला गप्प राहायची खूण करायचे. मालकांना माहीत होतं, हमालाला माहीत होतं, रोजच्या बायकांना माहीत होतं. काकांना तेवढं माहीत नव्हतं.

अशात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. काकांनी कधीपासून बजावून ठेवलेलं, “विहिणीसमोर मिरवशील ती साडी माझ्याकडे आण. पीस मीच काढणार.” साडी वांगी रंगाची, बारीक जरीची. साडीतलं पीस माझ्या बाह्यांना कुठलं पुरायला! नेली काकांकडे. त्या दिवशी त्यांनी फार वेळ लावला. फुटपाथवर इकडून तिकडे सरकत, ऊन धरत, चार तागे बाजूला सारले आणि पाचवा माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरला. “घे. साडीतूनच कापल्यासारखं.”

चॉकलेटी होता.

“एक नंबर, काका,” मी म्हटलं.

बरोबर रंगाचं पीस हात लांब केला तर मिळालं असतं. लेक म्हणाली, “आई, वेड लागलंय का तुला?” पण मी तेच शिवायला टाकलं. अहो, लग्नाला काका येणार, त्या डाव्या डोळ्याने बघणार आणि त्या डोळ्याला ते अगदी जुळणार होतं. बाकीच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि हे शिकवलं तरी कुणी होतं मला?

लग्न परळच्या एका हॉलमध्ये होतं. भाच्या माझ्याभोवती जमल्या. “मावशी, कॉन्ट्रास्ट काय भारी आहे!” मी मनात म्हटलं, हे काकांच्या कानावर पडलं नाही म्हणजे मिळवलं. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि काका आले. गावी जातो म्हणून महिनाभर सुट्टीवर होते, तेव्हापासून मी त्यांना बघितलंच नव्हतं. डोळ्यांवर काळा गॉगल, मागे सून, तिचं हसू तोंडात मावत नव्हतं.

“मावशी, तुम्हाला सांगूच दिलं नाही यांनी. मागच्या महिन्यात डाव्या डोळ्याचंही करून घेतलं. म्हणाले, सुलूच्या लेकीचं लग्न मला धूसर बघायचं नाही.”

काकांनी गॉगल काढला. “जीव मुठीत धरून गेलो गो. पण झालं. लख्ख दिसतं.” आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी खरं म्हणजे आनंदाने नाचायला हवं होतं. माझी इच्छा होत होती ती तिथून पळून जायची. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. म्हणाले, “सुलू, जरा बाहेर ये.”

हॉलच्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. त्यांनी माझ्या पदराचं टोक चिमटीत धरलं आणि बाहीला लावून बघितलं. “हे मी दिलेलं?”

“कॉन्ट्रास्ट आहे काका. हल्ली फॅशन आहे.”

“मी जन्मात कधी कॉन्ट्रास्ट दिलेलं नाही.” त्यांनी पदर सोडला. “आणि बाकीच्या? त्या सगळ्या बायका, त्यांना मी काय दिलं?”

“त्यांना मी बदलून दिलं. एकीलाही चुकीचं गेलं नाही, तुमची शपथ.”

“आणि तुझं नाही बदललंस.”

काका पायरीवर बसले. उरलेल्या एका डोळ्यासाठी एवढी हिंमत केली, तो डोळा देवाच्या कृपेने चांगला निघाला, आणि त्याला आल्या आल्या काय दिसलं, तर हे! मला त्या उन्हाचा राग आला, फॅशनचा राग आला, सगळ्यात जास्त माझ्या अंगावरच्या त्या ब्लाउजचा आला. थोड्या वेळाने काका गुडघ्यावर हात टेकून उठले. “पदर दोन्ही खांद्यांवरून घे. फोटोत दिसणार नाही,” म्हणाले.

घेतला. उरलेल्या लग्नात मी जुन्या काळच्या सासूबाईसारखी लपेटून फिरले. विहीणबाई म्हणाल्या, किती साध्या हो तुम्ही!

काका त्यानंतर दुकानात आले नाहीत. मालक स्वतः करी रोडला जाऊन आले. “आता तर तुमच्याइतकी नजर दादरमध्ये कुणाची नाही,” म्हणाले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “नजर आली हो, भरवसा नाही आला.” मग ते गावी, मालवणला भावाकडे गेले. सीझनला मी फोन करते. एकच विचारतात, “बाहेर नेऊन दाखवतेस ना गो?” दाखवते म्हटलं की फोन ठेवतात. त्यांची जागा आता मी चालवते, पण गजरेवालीसुद्धा मला सांगते, तुला ऊन धरता येत नाही.

लग्नाच्या अल्बममध्ये एकच फोटो वेगळा आहे. त्या दिवशी काका निघाले तेव्हा मी त्यांना ओढून स्टेजवर नेलं, शेजारी उभी राहिले आणि खांद्यावरचा पदर खाली टाकला.

“अगो, काय करतेस? दिसेल ना!”

“दिसू दे,” मी म्हटलं. रडत होते मी, सांगायला लाज कसली.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळहात उचलला आणि डाव्या, नव्या, चांगल्या डोळ्यावर ठेवला. उघडा राहिला तो उजवा, ज्याला सगळंच राखाडी दिसायचं. त्या डोळ्याने त्यांनी साडी बघितली, ब्लाउज बघितलं, अगदी गिऱ्हाइकाचं बघतात तसं, सावकाश.

“हं,” म्हणाले, “या डोळ्याला जुळतं.”

“अंकल, हात खाली घ्या,” फोटोग्राफर ओरडत होता. त्यांनी घेतला नाही. फोटो तसाच आलाय.