अर्धा आटा

सुशीलाकाकू गेल्याची बातमी मला ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या फोनवर मिळाली. विनूकाकाला फोनवर बोलायची सवय नाही. तो एवढंच म्हणाला, "अरे, तुझी काकू थांबली." मी विचारलं, "कुठे थांबली?" ...आयुष्यात मूर्खपणाचे प्रश्न मी पुष्कळ विचारले आहेत, पण हा त्या सगळ्यांच्या वरचा. काका जन्मभर विजेच्या आणि इंजिनांच्या कामातला माणूस. त्याच्या भाषेत चालती वस्तू बिघडत नाही, बंद पडत नाही, ती 'थांबते'. सकाळी कणीक मळता मळता काकू थांबली होती. त्याला आता महिना होऊन गेला.

काकूबद्दल लिहायचं म्हणजे आधी माझ्या फजितीबद्दल लिहावं लागणार. त्याला इलाज नाही, कारण तिची-माझी ओळखच त्या फजितीत झाली. विनूकाका माझ्या वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ, माझ्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठा, म्हणून आमच्यात पहिल्यापासून 'अरे-तुरे'. वीस-बावीस वर्षांपूर्वी कर्जत-खालापूरकडे विजेचे मनोरे उभे करायचं काम चाललं होतं आणि काका त्या कामावरच्या एका कंत्राटदाराकडे फिटर होता. दर दोन-तीन महिन्यांनी मुक्काम हलायचा. प्रत्येक गावात खोली शोधायची, मालकिणीच्या अटी ऐकायच्या, तोवर पुढच्या गावाला निघायचं... याला कंटाळून त्याने मोडीत निघालेली एक जुनी बस विकत घेतली. आतले बाक काढले, दोन पलंग ठोकले, स्टोव्हसाठी ओटा केला, खिडक्यांना माझ्या आईच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. मागच्या दाराबाहेर लोखंडी चौकटीत रॉकेलवर चालणारा एक जनरेटर बसवला. त्यावर दोन दिवे लागायचे आणि टेबलावरचा एक पंखा फिरायचा. दोन तालुक्यांना वीज नेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात वीज नाही, हे काकाला सहन होण्यासारखं नव्हतं. आम्ही त्या गाडीला 'घरमोटार' म्हणायचो.

घरमोटार आम्हाला फार आवडायची. मुलींच्या बापांना नाही आवडायची. काका पगारदार, निर्व्यसनी, दिसायलाही बरा, पण राहतो कुठे? तर मोटारीत! चार स्थळं ह्याच एका उत्तरावर परत गेली होती. एका गृहस्थांनी तर विचारलं होतं, "मग दाराला नावाची पाटी लावता की नंबरप्लेट?" काका त्यांच्यासमोर हसला, पण नंतर माझ्या आईला म्हणाला, "वहिनी, पोशीरचं हे पाचवं आणि शेवटचं. नाही जमलं तर ह्यापुढे माझ्यासाठी कुणाच्या दारात जाऊ नका." तो बत्तीस वर्षांचा झाला होता. आईने त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं होतं. तिने ते फार मनाला लावून घेतलं.

मुलीचे वडील तात्या, त्यांची पोशीरला भातशेती होती. त्यांनी निरोप पाठवला तो ऐकून आई थोडी गोंधळलीच. "पोरगी म्हन्ते, नवऱ्याला काय बघायचं, घर बघू." आणि ती स्वतः येणार होती! दसऱ्यानंतरचा चौथा दिवस ठरला. घरमोटार तेव्हा साजगावच्या अलीकडे एका आमराईच्या कडेला उभी होती. सणाची सुट्टी असल्याने काका कर्जतला आमच्याकडेच होता आणि दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून जनरेटर कुणी चालवला नव्हता. मी त्या वर्षी इंजिनीअरिंगचा डिप्लोमा पास झालो होतो. नोकरी नव्हती, पण प्रमाणपत्राला फ्रेम करून झाली होती. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका आज पांढऱ्या शर्टात आहे. तो ऑइलला हात लावणार नाही. दिव्याचं तू बघायचंस. आज दिवा जाता कामा नये." मी म्हणालो, "आई, तीन वर्षं मी काय केलं मग?" आईला बहुधा उत्तर माहीत असावं.

तात्या, त्यांची बायको आणि सुशीला उन्हं कलल्यावर आली. आत काळोखी पडायला लागली तशी मी मागे जाऊन दोरी ओढली. जनरेटर एका झटक्यात चालू झाला, दोन्ही दिवे लागले, पंख्याने पडदा उडवला. तात्या दिव्याकडे मान वर करून बघत राहिले. "आरं वा! आमच्या पोशीरला आजून नाय, आन् तुमच्या मोटारीत हाय." आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिने पोह्यांच्या बशा पुढे केल्या... आणि दहाव्या मिनिटाला दिवे तांबूस झाले, जनरेटरने दोन उचक्या दिल्या आणि तो थांबला.

मी घाबरलो नाही. डिप्लोमाच्या पुस्तकात ह्याला एक अख्खं प्रकरण होतं. आईने कंदील लावला. मी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, परत बसवला, टाकीचं झाकण उघडून रॉकेल आहे ना ते पाहिलं, झाकण घट्ट लावलं, दोरी ओढली. चालू! आत जाऊन मी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "प्लगला काजळी होती." दहा मिनिटांनी पुन्हा उचकी. मग मी कार्बोरेटर उघडला, फुंकर मारली, टाकीत डोकावलो, झाकण लावलं, दोरी ओढली. चालू! "कार्बोरेटरमध्ये कचरा होता," मी म्हणालो. पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्या वेळेला मी गाळणी साफ केली, टाकीत पाहिलं, आणि तो चालू झाल्यावर "आता मात्र मूळ सापडलं" असं जाहीर करून पोह्याचा पहिला घास घेतला. तो घास गिळायच्या आत अंधार झाला.

"डाक्टर चांगला हाय," तात्या म्हणाले, "पन रोगी दर टायमाला मरतोय." सगळे हसले, मीही हसलो. मग तात्यांचा आवाज बदलला. "विनायकराव, राग मानू नका. तुमी मानूस चांगले हाव. पन जितं दिवा टिकंना तितं पोरीनं कसं टिकायचं?" आईच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. काका खाली बघत होता. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." ...आणि ज्या पद्धतीने तो ते म्हणाला, त्यावरून मला कळलं की पाचवं स्थळ गेलं, आणि ते मी घालवलं.

मी मागे जाऊन जनरेटरपाशी नुसता उकिडवा बसलो. इतक्यात पायरी वाजली. सुशीला कंदील घेऊन उतरली होती.

"काय बिघडलंय म्हन्ता?"

मी तिला ठिणगी, दाब, मिश्रण असं काहीबाही सांगायला लागलो. तिने ते निम्म्यात तोडलं. "ते ऱ्हाऊ द्या. मी खिडकीतून बघत व्हते. तुमी येकदा हे काढलंत, येकदा ते काढलंत. पन झाकन तिन्ही टायमाला उघाडलंत. झाकन उघाडलं की चालतंय."

"झाकणाचा काय संबंध?" मी म्हणालो. किती तुच्छतेने म्हणालो होतो, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

"उघडा तर."

ती कंदील जवळ आणायला लागली, तेव्हा "लांब धरा, लांब" असं मी ओरडलो. तीन वर्षांच्या शिक्षणाने त्या संध्याकाळी केलेली एवढीच मदत. मी झाकण फिरवलं आणि टाकीतून आवाज आला... फुस्स.

"ऐकलंत? रॉकेलच्या डब्याला येकच भोक पाडलं तर रॉकेल येतं का? दुसरं पाडाया लागतं, वारा आत जायाला." तिने झाकण माझ्या हातातून घेतलं आणि चार पावलं लांब जाऊन कंदिलाखाली धरलं. झाकणावर शेंदराचा जाड थर होता, त्यात झेंडूची एक पाकळी वाळून चिकटली होती. तिने केसातला आकडा काढून मधोमध खरवडलं. तिथे सुईच्या नेढ्याएवढं एक भोक निघालं.

"पूजा कोनी केली?"

खंडेनवमीला काकाने मला सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावायला सांगितलं होतं. हळद-कुंकू वाऱ्याने उडून जातं, म्हणून मी जास्तीची भक्ती दाखवली होती. शेंदूर तेलात कालवून जनरेटरच्या डोक्यावर चांगला थापला होता. टाकी उंचावर, तिचं झाकण गोल, मधोमध बारीकसा ठिपका... मला वाटलं, हेच ह्याचं कपाळ.

हे मी कसंबसं सांगितलं. ती इतकी हसली की आतून तात्यांनी "काय झालं गं?" म्हणून हाक मारली. "काय नाय तात्या. ह्या इंजिनेरसायबांनी कपाळ समजून देवाचं नाक बुजवलंय!"

भोक अजून पुरतं मोकळं झालं नव्हतं. तिने झाकण परत बसवलं, घट्ट केलं आणि अर्धा फेरा उलटं फिरवलं. "आजच्यापुरता आर्धा आटा सैल ऱ्हाऊ द्या." मी दोरी ओढली. आम्ही आत जाऊन बसलो. दहा मिनिटं कुणी पोह्यांना हात लावला नाही, सगळे वर दिव्याकडे बघत बसलेले. देवळात आरतीलाही इतकी शांतता मी पाहिलेली नाही. दहाची पंधरा झाली, पंधराची वीस झाली. शेवटी तात्याच म्हणाले, "बंद करा आता, उगा रॉकेल जळतंय." आणि सुशीला दारात उभी राहून बापाला म्हणाली, "तात्या, घर चांगलं हाय. नुस्तं कुनीतरी ध्यान द्याया पायजे."

मार्गशीर्षात लग्न झालं. सहा वर्षं ती त्या मोटारीत राहिली. पुढे शिळफाट्याला त्यांनी घर बांधलं, मोटार परसात उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या राहायला गेल्या. मला ती शेवटपर्यंत 'इंजिनेर' म्हणायची. मी नोकरीत वर चढलो, माझ्या हाताखाली माणसं आली, मला चष्मा लागला, तरी शिळफाट्याच्या घराची पायरी चढलो की आतून हाक यायची, "आला का रं इंजिनेर? हात लावू नगो कशाला!"

त्या संध्याकाळची एक सवय तिला कायमची लागली. घरातल्या एकाही बरणीचं, डब्याचं, बाटलीचं झाकण ती पुरतं लावायची नाही. घट्ट करायची आणि अर्धा आटा मागे फिरवायची. "दम कोंडतो त्यांचा," म्हणायची. पोहे सादळायचे, साखरेला मुंग्या लागायच्या. माझी बायको म्हणायची, काकूंकडच्या चहात मुंगी नसली तर तो चहा काकूंनी केलेला नाही. काका कुरकुरायचा, पण झाकणांना हात लावायचा नाही. माणसांशीही तिचं तसंच असे. माझे वडील गेले तेव्हा मी याद्या करत, माणसं धाडत, नुसता धावत होतो. सगळे म्हणत होते, कसा खंबीर आहे बघा. काकूने मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं, पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "आता जरा सैल कर रं." एवढंच. मग ती माझ्याकडे पाठ करून वाल सोलत बसली. मी किती वेळ रडलो कुणास ठाऊक. वालाचं टोपलं मात्र रिकामं झालं होतं.

गेल्या रविवारी शिळफाट्याला गेलो होतो. काकू गेल्यापासून काका बोलत नाही. विचारलं तर हो, नाही. जेवायला वाढलं तर जेवतो. दिवसकार्याला जमलेल्या बायकांनी स्वयंपाकघर स्वच्छ आवरून ठेवलं होतं, मुंग्यांचा बंदोबस्त केला होता, फडताळावर बरण्या ओळीने, घट्ट झाकणांनी उभ्या. म्हणजे मला तसं वाटलं. मी चहा ठेवला, साखर काढायला बरणी उचलली, तर झाकण नुसत्या बोटाने फिरलं. शेजारची पाहिली, पोह्यांची. तीही. डाळीची, लोणच्याची, खोबरेल तेलाची बाटली... सगळ्यांची झाकणं अर्धा आटा सैल.

चहा घेऊन बाहेर यायच्या आधी मी, हाताला सवय म्हणून, साखरेचं झाकण आवळलं. काका दारात उभा होता. त्याने पुढे येऊन बरणी माझ्या हातातून घेतली.

"मुंग्या होतील काका," मी म्हणालो.

"होऊ देत." त्याने झाकण सावकाश मागे फिरवलं, बरणी जागेवर ठेवली आणि माझ्याकडे वळला. "इंजिनेर," तो म्हणाला. काका मला त्या नावाने कधीच हाक मारत नसे. "तुला आठवतं, तिने कशाने खरवडलं होतं ते? केसातला आकडा... माझ्याकडे आहे तो. शेंदूर आहे अजून त्याला."

मग तो बोलायला लागला. आम्ही दोघं ओट्यापाशी उभेच होतो. तो बोलत राहिला आणि कपातला चहा निवून गेला. निघताना पाहिलं, साखरेच्या बरणीवर एक मुंगी चढत होती. मी तिला जाऊ दिलं.