दुसरी फुली

नबीचाचा चहा बशीत ओतून फुंकर न घालता प्यायचे. पान्हे मोठ्याकडून लहानाकडे लावून ठेवायचे. वाकडा खिळा ठोकून सरळ करायचे आणि खिशात टाकायचे. शर्यतीला बसताना डावी चप्पल काढायचे, उजवी नाही. आणि बाहेरची चाकोरी नेहमी स्वतः घ्यायचे.

ही शेवटची सवय देवीदासच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

गुलाम नबी अमरावतीत लॉऱ्यांचे मेस्त्री. बडनेऱ्याचा एक रेल्वेसाहेब विलायतेला परतताना त्यांना मोडकं खेळणं देऊन गेला होता : खाचेतून विजेवर धावणारी टिनाची मोटार, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. चाचांनी ती उघडून समजून घेतली. मग सागाच्या रुंद फळीवर लांबट गोल अशा दोन चाकोऱ्या कोरल्या, एकीत एक. कडेनं तांब्याच्या पट्ट्या, लॉरीची बॅटरी, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याच्या दोन मोटारी. बटण दाबलं की धाव. वळणावर अंगठा सैल केला नाही, की मोटार फळीखाली.

देवीदास बी.ए. झाला होता. नोकरी नव्हती. दर शुक्रवारी तो यायचा आणि जिंकायचा. जिंकण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

एका शुक्रवारी त्यानं सुतळीनं दोन्ही चाकोऱ्या मोजल्या. बाहेरची हातभर जास्त भरली.

“चाचा, तुमी मले जिंकू देऊन राहिले होते?”

“जिंकलेलं पोट्टं परत येते, बाबू. हरलेलं घरी बसते.”

“मी पोट्टा नाही. मले दया नको.”

“हातभर लाकडापायी भांडून राहिले दोघं,” आतून चाचांच्या बायको खुर्शीदबी म्हणाल्या.

चाचा हसले नाहीत. त्यांनी खडूनं दोन्ही सरळ बाजूंवर एकेक फुली काढली. तिथं चाकोऱ्या एकमेकींना छेदून जागा बदलणार. मग दोघांनाही एक वळण आतलं, एक बाहेरचं.

“आता पाहू तुहा अंगठा. जुम्म्याले ये.”

देवीदास निरोप न घेता निघाला. आठवडाभर त्याला एकच कळायला हवं होतं : आपण खरे जिंकलो असतो का.

बुधवारी चांदूर बाजारच्या रस्त्यावर बंद पडलेली लॉरी चाचांनी सुरू करून दिली, हात पुसले आणि लिंबाखाली टेकले. ते उठलेच नाहीत.

शुक्रवारी देवीदास गेला. दुसरं कुठं जावं ते त्याला सुचलं नाही. खुर्शीदबींनी फळी बाहेर आणली.

“मंगळवारी जेवले बी नाही धड. म्हणे, पोरगा नाराज आहे.”

पहिली फुली पुरी होती, कडा घासून गुळगुळीत. दुसरीची एकच रेघ कोरलेली होती. दुसऱ्या रेघेवर खडू तसाच होता, आणि तिच्या तोंडाशी पटाशी रुतलेली.