धुक्यातली प्रदक्षिणा

देवाचं नाव घेऊनही पाऊल वाकडं पडतं, तेव्हा श्रद्धा कमी पडते की पाय, हे मला कळेनासं झालं होतं. पावसाळ्यात आलेल्या तापानं कानात काहीतरी बिघडलं आणि माझा तोलच गेला. शेजाऱ्यांच्या नव्या रंगीत टीव्हीकडे पाहिलं तरी घर फिरायचं. नाताळानंतर शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि मला फळ्याकडे वळताही येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, रोज सावकाश चाला. म्हणून बोरिवलीत घराजवळच्या दत्तमंदिरात मी औदुंबराला अकरा प्रदक्षिणा सुरू केल्या, एका पावलाला एक नाम. नवल म्हणजे हवा बदलली की माझी चाल बदलायची. ऑक्टोबरात फरशी तापली की पावलं नामाच्या पुढे पळत. वाऱ्यानं पानं हलली की मीही हले. ढगाळ दिवशी मात्र पाय शहाण्यासारखे पडत. दत्तमहाराज तेच, झाड तेच, मग मीच रोज वेगळी का, याचं मला कुतूहल वाटू लागलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी डोंगराकडून दाट धुकं उतरलं. तिसऱ्या फेरीत झाड, देऊळ, सगळं दिसेनासं झालं. नजरेला धरायला काही उरलं नाही. मी जागीच थिजले. नामही आठवेना.

"काय झालं गं बाय?" देवळाजवळच्या वाटेनं बाजाराला निघालेली गावठाणातली एक म्हातारी धुक्यातून अगदी हाताच्या अंतरावर आली होती. अनवाणी, डोक्यावर मुळ्यांची पाटी, गळ्यात क्रूस.

"काही दिसत नाही. पडेन मी."

"मग डोळे कशाला ताणतेस? तळव्यांना विचार ना, जमीन कुठं हाय ते."

तिनं पाटी खाली ठेवली. हात धरेल असं वाटलं, पण नाही धरला. नुसती पुढे चालत "ये, ये" म्हणत राहिली. मी पाऊल टेकवलं. गार फरशी, तिच्या सांध्यातली माती, एक ओलसर खळगा. हे सगळं रोजच पायाखाली होतं. चार पावलांनी नाम आपसूक ओठांवर आलं. अकरा फेऱ्या झाल्या.

आठवड्यानं ती बाजारात दिसली. मी वाकून नमस्कार केला, तर ती गोंधळली. "मी होते? रोज त्याच वाटेनं जाते, किती ध्यानात ठेवू? मुळा देऊ?"

जानेवारीत मी वर्गात उभी राहिले. चक्कर पुरती गेली नव्हती, अजूनही अधूनमधून येते. मी देवाकडे स्थिर जमीन मागत होते, आणि जमीन तर कधी हललीच नव्हती. आता तिच्यावर भार टाकायला शिकतेय. घराबाहेर पहिलं पाऊल टाकताना हात जुळतात. ते त्या म्हातारीला की दत्तगुरूंना, याचा निवाडा मी त्यांच्यावरच सोडला आहे.