दारात अडलेली घोडी

कुंभकोणम् गावात माझ्याइतका थापाड्या माणूस नाही असं लोक म्हणतात. लोक उगीच वाढवून सांगतात; पलीकडच्या गल्लीत एकजण होता, पण तो वारला.

आम्ही तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आलेली मराठी माणसं. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. गावातले लोक आम्हाला ‘रायर’ म्हणतात. आणि आमच्यातल्या पुष्कळ घरांत असतं तसं आमच्याकडेही लाल फडक्यात बांधलेलं एक मोडी दप्तर आहे. त्यातलं एक अक्षर घरात कुणाला लागत नाही. मी मात्र कॉफीच्या दुकानातल्या बाकावर बसून वीस वर्षं सांगत आलो की ते अश्ववैद्यकाचं दप्तर आहे. आमचे खापरपणजोबा म्हणे राजांच्या पागेचे वैद्य. त्यांनी एका लंगड्या घोड्याच्या पायाला असा लेप लावला की तो घोडा तंजावरहून सुटला तो थेट समुद्रात शिरला, आणि त्याला परत आणायला नावा सोडाव्या लागल्या.

बायको म्हणायची, “त्या दप्तरात लोणच्याचं माप असेल, नाहीतर शेजाऱ्याशी भांडण. एक दिवस तोंडघशी पडाल तेव्हां कळेल तुम्हांस.”

तो दिवस घोडीवर बसून आला.

स्वामीमलैच्या रस्त्याला, तिरुवलंचुळीच्या अलीकडे, एक गाडीवाला राहतो. लग्नात नवरदेवाच्या रथाला जुंपायला त्याच्याकडे एक पांढरी घोडी. आडि महिन्यात, म्हणजे आषाढात, आमच्याकडे लग्नं नसतात, घोडी महिनाभर खुंट्याला. तो माझ्याकडे आला. म्हणाला, “रायर, पुढच्या महिन्यात मुहूर्तावर मुहूर्त आहेत. हिच्या बरगड्या दिसतात. दप्तरात बघा ना काही.”

मी आंघोळ केली, सोवळं नेसलो, दप्तर सोडलं. अर्धा तास ओळींवरून बोट फिरवलं. मध्येच “अहाहा” म्हणालो. मग सांगितलं: भिजवलेले हुलगे एक शेर, त्यात मूठभर नव्हे, ढेपेतून फोडलेला चांगला नारळाएवढा गूळ, वर चार केळी. रोज दोन वेळा. तो उठायला लागला तेव्हा मला राहवलं नाही, आणखी एक टोला हाणला: “हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला.”

पंधरा दिवसांत घोडी अशी चकाकायला लागली की तिच्याकडे बघून मी मिशी विंचरत असे. बाकावर माझी कॉफी फुकट झाली.

आणि मग एका सकाळी निरोप आला: ताबडतोब या.

गाडीवाल्याचा गोठा म्हणजे पत्र्याची बोळ. एक दार, खाली दगडी फरशी, टोकाला गव्हाण. घोडी मध्ये उभी होती, पण उभी तरी कशी! पुढचे दोन्ही पाय लांब पुढे ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तिच्या खुराशी उकिडव्या बसल्या होत्या. मी रुबाबात घोडीच्या अंगाला घासून आत गव्हाणीपाशी गेलो. तेवढ्यात घोडीनं मागचे पाय सावरले, तिचा पुठ्ठा दाराच्या चौकटीला टेकला, आणि बाहेरची वाट बंद झाली. गाडीवाला बाहेर, डॉक्टरबाई आणि मी आत.

“आता तिला हलवू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एकेक पाऊल निखाऱ्यावर ठेवल्यासारखं आहे तिला. इथे हात लावा.”

मी खुराला हात लावला. घरच्या दोशाच्या तव्याची आठवण झाली. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला त्यांनी माझी बोटं दाबून धरली. आत नाडी ठोके देत होती, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

“दुखणं खुरात दिसतंय, पण आलंय पोटातून,” त्या म्हणाल्या. “जास्त दाणा, गोड, वर हालचाल नाही, कठीण फरशी. सगळं एकाला एक लागून असतं. खुराच्या आत सूज आली की आतलं हाड सुटायला लागतं. काय खाते ही?”

“गवत,” दाराबाहेरून गाडीवाला म्हणाला. “पेंढा. थोडा कोंडा.”

“आणखी?”

“काही नाही, अम्मा.” आणि घोडीच्या पाठीवरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. इमानानं. मी पाठ वळवली तर समोर भिंत.

“नुसत्या पेंढ्यानं हे होत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कारण कळलं आणि ते आजच बंद झालं तर हिला वाचवता येईल. नाहीतर मला पुढचं काही सांगता येणार नाही.”

“नाही वाचणार तर जनावरांचा दलाल दुपारी टेम्पो घेऊन येतोय,” गाडीवाला म्हणाला. “मला तिला असं तडफडताना बघवत नाही.”

मी गव्हाणीकडे सरकलो, तर पायाला काहीतरी लागलं. गोणपाटाखाली बादली. गोणपाट जरा बाजूला केलं: हुलगे, गूळ, केळी. दुप्पट! बिचाऱ्यानं औषध वाढवलं होतं. घोडीनं मान लांबवून नाक बादलीकडे आणलं. मी मांडी आड घातली. तिनं मला ढकललं. मी घोडी आणि गव्हाण यांच्यामध्ये बाकरवडीसारखा दाबला गेलो.

“आमच्या खापरपणजोबांच्या वेळी,” मी सुरुवात केली, “एका घोड्याला...”

“खापरपणजोबा राहू देत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या मागे काय आहे?”

“काही लोक,” मी म्हणालो, “काही ठिकाणी, क्वचित, थोडासा गूळ...”

“रायर!” गाडीवाला ओरडला. “सांगू नका! गुण जाईल!”

घोडी कण्हली. माणसासारखी. बाहेर पडायला उंदराएवढीही फट असती तर मी उंदीर झालो असतो. वीस वर्षांत मी याहून अवघड गोष्टी करून दाखवल्या आहेत, बाकावर.

“गुण नाहीच तर जाईल कुठला?” मी म्हणालो. “मला मोडी येत नाही. एक अक्षर नाही. हुलगे, गूळ, केळी, सगळं माझ्या डोक्यातलं. तीन आठवडे, रोज दोन वेळा. बाई, ही घ्या बादली.”

डॉक्टरबाईंनी बादली माझ्या हातातून ओढून घेतली. पत्र्यावर कावळा चालत होता.

“मग अर्धा तास बोट कशावरून फिरवत होता?” गाडीवाल्यानं विचारलं.

मी तेच बोट धोतराला पुसलं.

डॉक्टरबाईंनी बादली भिंतीवरच्या झरोक्यातून बाहेर ओतली, घोडीला सुई टोचली आणि मला कामाला लावलं. घोडी हलवायची नाही, म्हणजे मीही हलायचं नाही. गाडीवाल्यानं भाताच्या गिरणीतून तूस आणलं. टोपल्या झरोक्यातून आत, आणि मी ते तिच्या पायाखाली हात-हातभर पसरत होतो, खूर हळूच रुतेल असं. मग थंड पाणी, तांब्यानं, दोन्ही खुरांवर. शंभर घागरी ओतल्या. बरं, तीस. घोडी वरून माझ्या मानेवर श्वास सोडत होती.

दुपारी टेम्पोचा हॉर्न वाजला. दाराबाहेर दलालाचा आवाज आला, “काय ठरलं?”

मला फक्त घोडीची पाठ दिसत होती.

“कारण सापडलंय,” गाडीवाला म्हणाला. “जा तू.”

उन्हं उतरल्यावर घोडीनं पुढचा एक पाय उचलला, तुसात ठेवला, आणि अर्धं पाऊल पुढे आली. दाराशी वीतभर उजेड पडला. मी पोट आत ओढून बाहेर निघालो. धोतराला तूस, केसांत तूस.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बरी व्हायला महिने लागतील, खूर पुन्हा पुन्हा कापून नीट करावे लागतील, आणि रथाला जुंपायचं की नाही ते नंतर बघू. गाडीवाला मान डोलावत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी चपला शोधल्या, एकच सापडली, तशीच घालून निघालो.

“रायर,” मागून आवाज आला.

मी वळलो.

“उद्या सकाळी सहाला या. पाणी ओतायला.” तो तुसाची रिकामी टोपली झटकत होता. “आणि दप्तर घरी ठेवा.”