चंदेरी अक्षरांचे नाना

लेबलवाले नाना कुठलाही फोटो हातात आला की आधी उलटा धरून बघत. समोरचं गिऱ्हाईक गोंधळायचं. नाना म्हणत, "सुलटा धरला की माणूसच दिसतो. उलटा धरला की उजेड कुठून येतोय ते कळतं." सुरतेत, लिंबायतच्या एका गल्लीत त्यांचं डिझाइनचं दुकान होतं. साडीच्या खोक्यांवरची लेबलं हा त्यांचा धंदा. जीव मात्र अहिराणी गाण्यांच्या कॅसेट-सीडींच्या कव्हरांत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. नवरा लूमवर, कापडाच्या मागावर कामाला; मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. नानांना कॉम्प्युटरवर कुणीतरी हवंय असं ऐकून गेले आणि दारातच सांगून टाकलं, "मला इंग्रजी येत नाही."

"मलाही येत नाही," नाना म्हणाले. "कॉम्प्युटरला अजून कळलेलं नाही. बस."

नवं शतक नुकतंच लागलं होतं. नानांचा भाचा मालवाहू जहाजावर होता, बरोबरचे खलाशी फिलिपिन्सचे. त्यांनी दिलेल्या गाण्यांच्या सीडी तो सुट्टीवर येताना मामाकडे आणायचा. नाना गाणी एकदा ऐकत आणि कव्हरं महिनाभर बघत. निळसर चकाकी, वितळलेल्या चांदीसारखी अक्षरं, पांढऱ्या कपड्यांतली पाच पोरं, रंगीत चष्म्याची मुलगी. "काय लिहिलंय ते वाचता येत नाही, म्हणून तर नीट दिसतं," असं म्हणत ते भिंगाखाली एकेक अक्षर धरत आणि मला ते जसंच्या तसं करायला लावत.

मग आमच्याकडच्या, लग्नगीतं गाणाऱ्या एका कारागिराच्या कव्हरावर तीच निळाई, तीच चांदी आली. दिवसा तो लूम चालवायचा. कव्हर त्यानं उजेडात नेऊन पाहिलं. "नाना, हाऊ मीच शे का?"

"तूच शे रे भो. फक्त आंग धुईसन उना." खरंच, कव्हरावर तो नुकताच अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता.

पुढे सीडी गेल्या, दुकान मिटलं. नाना सुरतेजवळच कडोदऱ्याला मुलीकडे राहायला गेले. मी घरूनच कव्हरं करू लागले. गाणी मोबाइलवर आली तरी त्यांना चौकोनी चित्र लागतंच. गेल्या वर्षी मनिलाच्या एका तरुण गायिकेनं इंटरनेटवर माझं काम पाहून निरोप धाडला; मोबाइलनंच तो मराठीत करून दाखवला. तिच्या आईच्या फळीवर जशा जुन्या सीडी होत्या, तसं कव्हर तिला हवं होतं. मी हरखले. हे तर माझ्या हातातलं! तीन नमुने पाठवले. तिनं तिन्ही परत केले. लिहिलं, "सगळं बरोबर आहे, पण यात आईची थट्टा वाटते."

काम हातचं जाणार, याहून ते वाक्य लागलं. मी कडोदरा गाठलं. नानांची नजर तोवर जवळजवळ गेली होती. मी नमुने शब्दांत सांगत गेले: इथे फुलपाखरू, इथे मुद्दाम जाडी चमक, इथे जरा जास्तच गुलाबी.

"जास्तच का?"

"गंमत म्हणून. तेव्हा असंच असायचं ना, नाना."

नाना माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "पोरी, ती माणसं गंमत करत नव्हती. चांगले कपडे घालून उभी होती. तू त्यांना हसतेस."

घरी येऊन मी सगळं पुसलं. मनात ते पाच पोरगे आणि आमचा लूमवाला गायक उभे केले, आणि त्यांच्यासाठी करावं तसं कव्हर केलं. एकच नमुना पाठवला. तिचं उत्तर आलं: आईनं कव्हर बघायला घेतलेला फोन हातातून खाली ठेवलाच नाही.

नाना या श्रावणात गेले. कव्हरं करायला मला कितीतरी जणांनी शिकवलं असतं. कुणाला हसू नये, हे त्यांनीच शिकवलं.

त्याआधी, त्या गायिकेचं गाणं बाहेर आलं त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. कव्हर त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. भाषेतलं अक्षरही न कळता त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग आत वळून मुलीला हाक मारली, "अगं, चहा ठेव. मनिलाची पाहुणी आलीय."