बाबांच्या बोटांना लोकर कळायची

माझे वडील ठाण्यातल्या एका गिरणीत तीस वर्षं लोकर निवडायचं काम करत. परदेशातून मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीच्या गाठी यायच्या. त्या फोडून बारीक, मध्यम, जाड असे ढीग लावायचे. मेंढीच्या खांद्यावरची लोकर कुठली आणि मांड्यांवरची कुठली, हे बाबा न बघता, नुसतं चिमटीत धरून सांगत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण बोटांना स्पर्श कळेना. हातात चमचा आहे की पेन, ते बघितल्याशिवाय सांगता येईना. मी दर शनिवारी डोंबिवलीहून नौपाड्यात, आईबाबांकडे जायचे आणि बाबांना फिजिओथेरपीला न्यायचे. तिथली डॉक्टर मुलगी त्यांना डोळे मिटायला लावून बोटांवर एकेक वस्तू फिरवायची. सँडपेपर, कापूस, स्पंज. काय आहे ते ओळखायचं. बाबा तीन शनिवार गप्प बसून राहिले. चौथ्या वेळी रिक्षातून परतताना म्हणाले की हा बालवाडीतला खेळ आहे, आपण आता जायचं नाही.

मी त्या मुलीला फोन करून बाबांचं पूर्वीचं काम सांगितलं. ती म्हणाली, मग लोकरच द्या ना त्यांच्या हातात.

आठवडाभर मी गोळा करत होते. सासूबाईंनी जुन्या घोंगडीचा कोपरा कापून दिला. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या पश्मिना शालीच्या चार दशा दिल्या. कपाटात हिमाचलहून आणलेले सशाच्या लोकरीचे हातमोजे सापडले. मेरिनोचा एक गुंडा बाबांनीच जपून ठेवला होता. शिवाय स्टेशनजवळच्या दुकानातून विणायची साधी लोकर घेतली.

शनिवारी घरीच मी त्यांना डोळे मिटायला लावून घोंगडीचा तुकडा बोटांवर घासला, तेव्हा बाबांनी बोटं आखडून घेतली. मग म्हणाले, "टोचतंय." आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

त्यानंतर आई रोज सकाळी चहा झाल्यावर त्यांच्याकडून सराव करून घ्यायची. सशाची लोकर ओळखायला दोन महिने लागले. ती बोटांतून निसटते, म्हणाले. चुकले की ते चिडायचे, आणि आई ते मनावर न घेता पुढचा तुकडा उचलायची.

एका शनिवारी मी दुकानातल्या लोकरीचा धागा त्यांच्या चिमटीत दिला. त्यांनी तो चोळला, पुन्हा चोळला.

"ही कुठल्याच जनावराची नाही."

डोळे उघडून त्यांनी डाव्या हाताने खात्री करून घेतली. अॅक्रिलिकच होतं. दुकानदाराने लोकर म्हणून दिलं आणि तू घेतलंस, म्हणून मला बोलणी बसली. मी ऐकून घेतली. इतका आनंद मला बोलणी खाताना कधी झाला नव्हता.

पश्मिना बकरीची आणि मेरिनो मेंढीची, पण दोन्ही मऊ आणि बारीक. त्यांतला फरक मात्र बाबांना अजून कळत नाही, आणि यापुढे कळेल असं डॉक्टरांनाही वाटत नाही. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात. गळ्याजवळचं एक जमत नाही, ते आई लावते.